अनुभव धागा : 'जुमांजी : द नेक्स्ट लेव्हल' तुम्ही कोणाबरोबर पाहिला?

निवेदन

जेक कॅस्डन यांचा 'जुमांजी : द नेक्स्ट लेव्हल' डिसेंबर २०१९ मध्ये प्रदर्शित झाला. त्याआधीच्या २०१७ च्या भागात शाळेत शिक्षा म्हणून थांबवून ठेवलेली चार मुले एका जुन्या व्हिडिओ गेममध्ये ओढली जातात आणि तेथे त्यांना भलत्याच प्रौढ माणसांच्या शरीरांत वावरावे लागते. पुढच्या भागाने यात एक मेख मारून ठेवली. या वेळी त्या मुलांपैकी स्पेन्सरचे आजोबा एडी आणि त्यांचे दुरावलेले मित्र मायलो हे दोघे वृद्धही मुलांबरोबर खेळात खेचले जातात; एडी येऊन पडतात ते ड्वेन जॉन्सनच्या पिळदार देहात आणि मायलो केविन हार्टच्या ठेंगण्या देहात. आपण कुठे आहोत, हा कसला खेळ आहे, हेच दोघांना कितीतरी वेळ उमगत नाही.

माझ्या पाहण्यात असे आले की हा भाग ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर पाहिला त्यांच्या लक्षात तो वेगळ्याच कारणांसाठी राहिला आहे. म्हणून हा धागा. परीक्षणे अन्यत्र भरपूर उपलब्ध आहेत. येथे फक्त आपला अनुभव लिहावा. कथेचा शेवट प्रतिसादांत उघड होणार आहे, हे लक्षात घेऊनच पुढे वाचावे.

भौतिकोपचारतज्ज्ञ, ठाणे

एडी आजोबांचे खुब्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले आहे, हा तपशील बहुतेक प्रेक्षक चित्रपट संपण्याआधीच विसरून जातात, पण माझा दिवस अशाच रुग्णांत जात असल्याने मला तो विसरता येत नाही. खुबा बदलल्यानंतर पहिले काही आठवडे आम्ही रुग्णाला बजावत असतो की पाय पोटाकडे काटकोनापेक्षा जास्त दुमडू नका, मांडीवर मांडी टाकू नका, कुशीवर वळताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवा, आणि जमिनीवर बसण्याचे तर नावही काढू नका. जन्मभर पाटावर जेवलेल्या माणसाला यातले शेवटचे पथ्य सर्वांत जड जाते. एडी आजोबा नव्या देहात शिरल्यावर शत्रूकडे किंवा वाळवंटाकडे पाहण्याआधी स्वतःचे सांधे वाकवून पाहतात, आणि काहीच दुखत नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो बेरकी आनंद पसरतो तो मी उपचारकक्षात पाहिलेला आहे. वॉकर सुटून काठीवर आलेले एक गृहस्थ आरशासमोर उभे राहून, आपल्याकडे कोणी पाहत नाही अशा समजुतीने, हळूच काठी उचलून पाहत होते. या चित्रपटाच्या लेखकांपैकी कोणाच्या तरी घरात असे ऑपरेशन झालेले असावे, असा माझा आपला तर्क आहे.

नागपूर

आम्ही तीन पिढ्यांनी मिळून तो हिंदीत पाहिला. मायलो आजोबा प्राण्यांविषयी माहिती सांगू लागतात तेव्हा त्यांना घाई म्हणून कसली नसते. शहामृगांचा कळप अंगावर येतो आहे, बाकीचे पळायच्या तयारीत आहेत आणि हे गृहस्थ मात्र शांतपणे प्रस्तावना करत आहेत, या प्रसंगाला आमच्या रांगेत माझी आई इतकी हसली की पुढच्या खुर्चीवरच्या बाईंनी मागे वळून पाहिले. माझे वडील अगदी असेच बोलतात. गाडी किती वाजता सुटते असे विचारले तर ती पूर्वी कोणत्या फलाटावरून सुटत असे, तेथे चहा कसा मिळे आणि त्या चहावाल्याचे पुढे काय झाले, हे सर्व झाल्यावर वेळ कळते. वडील स्वतः मात्र मुळीच हसले नाहीत. मध्यंतरात म्हणाले, "तो बरोबर सांगत होता. कोणी नीट ऐकून घेईल तर ना!"

पुणे, गेम तयार करणाऱ्या एका कंपनीत कामाला

मी थोडी कुरकुर करणार आहे. या मालिकेचे मला आवडते ते असे की खेळाचे नियम तिने विनोदासाठी प्रामाणिकपणे वापरले आहेत. मनगटाजवळ कोरलेल्या तीन रेघा म्हणजे तीन प्राण. मेलात की आकाशातून पुन्हा धपकन पडणार. प्रत्येक पात्राच्या बलस्थानांची आणि उणिवांची यादी हवेत उमटते. नायजेल हा मार्गदर्शक ठरलेलीच वाक्ये म्हणतो आणि त्याबाहेरचा प्रश्न विचारला की तेच पुन्हा ऐकवतो, जे आम्ही रोज लिहीत असतो. २०१७ च्या भागाच्या शेवटी मुलांनी गेमचे यंत्र फोडले होते. स्पेन्सरने त्याचे तुकडे जपून ठेवले, घराच्या तळघरात ते कसेबसे जोडले, आणि म्हणून या वेळी पात्रे निवडण्याची सोयच उरली नाही, हे कारणही पटणारे आहे. बिघडलेले यंत्र असेच वागते.

माझी तक्रार आहे ती हिरव्या चमकत्या पाण्याची. त्या पाण्यात दोघांनी उतरावे आणि परस्परांची शरीरे बदलून घ्यावीत, अशी सोय अर्ध्या वाटेत अचानक उपलब्ध होते. त्यासाठी काही मोजावे लागत नाही, काही गमावावे लागत नाही. खेळात अशी फुकटची सवलत ठेवली तर खेळणारे पहिल्याच दिवशी ती शोधून काढतात आणि बाकीच्या साऱ्या अडचणींना काही अर्थच राहत नाही.

नाट्यकर्मी, मुंबई

वरच्या प्रतिसादातील आक्षेप तर्काला धरून आहे, हे मान्य करूनही सांगते की त्या पाण्यानेच मला माझा सर्वांत आवडता अभिनय दाखवला. ऑक्वाफिना या अभिनेत्रीच्या वाट्याला मिंग ही चोरटी आली आहे. आरंभी तिच्या आत स्पेन्सर असतो, त्यामुळे ती खांदे आवळून, नजर चुकवून, जणू स्वतःचीच क्षमा मागत बोलते. पाण्यातल्या अदलाबदलीनंतर तिच्या आत एडी आजोबा येतात, आणि तीच मुलगी, त्याच कपड्यांत, हनुवटी पुढे काढून एडींची भूमिका करणाऱ्या डॅनी डेव्हिटोसारखी गुरकावू लागते. आमच्या तालमीत असा एक सराव असतो: एकाने काही मिनिटे बसावे, उठावे, पाणी प्यावे, आणि दुसऱ्याने नंतर त्याच्या लकबी न वाढवता उचलाव्यात. न वाढवणे हेच कठीण असते. ड्वेन जॉन्सन डेव्हिटोंची नक्कल करताना कित्येकदा हद्द ओलांडतो, त्याला हशा मिळतो आणि तोही काही वावगा नाही. परंतु केविन हार्ट, ज्याची सारी ख्याती भराभर बोलण्यावर उभी आहे, तो मायलोंची भूमिका करणाऱ्या डॅनी ग्लोव्हरच्या संथ लयीत बोलत राहतो तेव्हा त्याला किती आवरून धरावे लागत असेल, हे तालीम करणाऱ्याला जाणवते. ज्यांनी डब केलेली आवृत्ती पाहिली आहे त्यांनी हे दोन प्रसंग एकदा मूळ आवाजांत अवश्य ऐकावेत.

बेळगाव

एडी आणि मायलो यांचे मिळून एक हॉटेल होते. मायलो यांना निवृत्त व्हायचे होते, हॉटेल विकले गेले, आणि एडींनी तो विश्वासघात मानला, तेव्हापासून अबोला. साहसपटात हे भांडण तोंडी लावण्यापुरते आहे असे अनेकांना वाटेल, पण मी तो चित्रपट त्याच भांडणासाठी पाहिला असे म्हणायला हरकत नाही. माझ्या वडिलांची आणि त्यांच्या मित्राची भागीदारीत खाणावळ होती. एकाने पहाटे मंडई करायची, दुसऱ्याने गल्ला सांभाळायचा, अशी वाटणी कोठेही लिहून न ठेवता बरीच वर्षे चालली. मग काकांच्या मुलांनी त्यांना शहरात बोलावून घेतले आणि त्यांनी आपला हिस्सा मागितला. त्यात गैर काहीच नव्हते, हे वडिलांनाही ठाऊक होते. तरीही पाटीवरचे काकांचे आडनाव त्यांनी रंगाऱ्याकडून पुसून घेतले आणि पुढे लग्नकार्यात समोरासमोर आले तरी दोघे पंगतीच्या दोन टोकांना बसत.

चित्रपटात मायलो समेटासाठी आपण होऊन एडींच्या दारी येतात आणि एडी त्यांना धड बसूही देत नाहीत. तो प्रसंग वडिलांनी पाहिला तेव्हा ते एवढेच म्हणाले की एडीचे चुकते आहे. "एडीचेच का?" असे मी विचारले नाही.

कॅल्गरी, कॅनडा

आमच्याकडच्या मंडळींसाठी एक वेगळीच गंमत होती. खलनायक युर्गनच्या बालेकिल्ल्याजवळची बर्फाळ दृश्ये आल्बर्टातल्या डोंगरांत चित्रित झालेली आहेत. त्यामुळे पडद्यावर नायकमंडळी प्राणपणाने चढत असताना आमच्या मागच्या रांगेत, तिथे गाडी कुठे लावता येते, यावर गंभीर चर्चा चालू होती.

सातारा

मी १९९५ चा 'जुमांजी' केबलवर पाहत वाढलेला माणूस आहे. रॉबिन विल्यम्सचा ॲलन पॅरिश लहानपणी खेळात अडकतो, प्रौढ होऊन बाहेर येतो आणि खेळ पूर्ण झाल्याखेरीज त्याचे बालपण त्याला परत मिळत नाही, ही मूळ कल्पना भयंकर होती. फासे टाकताच गेंडे आणि हत्ती घराच्या भिंती फोडून येत, म्हणजे खेळ आपल्या जगात शिरे. नव्या चित्रपटांत आपणच खेळात शिरतो आणि मरण्याच्या तीन संधी असतात, त्यामुळे भीतीचा कणाच मोडतो. वाळवंट, झुलते पूल, पुलांवरची मँड्रिल माकडे, सर्व काही देखणे आहे, पण मला एकदाही काळजी वाटली नाही. अपवाद एकच. उपाहारगृहाची मालकीण नोरा म्हणून बेबे न्यूवर्थ समोर आल्या आणि १९९५ च्या चित्रपटातल्या त्या दोन अनाथ भावंडांची आत्या हीच, हे ओळखू आले, तेव्हा मात्र मी एकटाच मोठ्याने "अरे!" म्हणालो. शेजारी बसलेल्या पुतण्याला त्याचे काही कळले नाही.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मूळचा परभणीचा

सर्वजण आजोबांविषयी लिहीत आहेत म्हणून स्पेन्सरची बाजू मांडतो. न्यूयॉर्कमध्ये शिकायला गेलेला मुलगा, दुकानात वरिष्ठांची बोलणी खातो, मैत्रीण मार्थाचे आनंदी फोटो पाहून आपण तिच्या योग्यतेचे नाही असे ठरवतो, आणि सुटीत गावी आल्यावर मित्रांना भेटण्याऐवजी गुपचूप तळघरात जाऊन यंत्र चालू करतो. त्याला पुन्हा एकदा तो बलदंड नायक व्हायचे असते आणि मिळते काय, तर परागकणांची ॲलर्जी असलेल्या चोरटीचे शरीर! वसतिगृहात पहिल्या सत्रानंतर आमच्यापैकी निम्मे जण घरी जाऊन हेच करत होतो. आमच्याकडे यंत्र नव्हते, जुन्या शाळेची गल्ली होती, जिथे अजून आम्हाला हुशार समजत.

नाशिक

हा प्रतिसाद लिहावा की नाही, याचा बराच विचार केला. माझ्या बाबांचा आजार शेवटच्या टप्प्यावर होता आणि औषधांच्या वेळा सांभाळून आम्ही घरी रोज काहीतरी हलकेफुलके पाहत असू. हा चित्रपट मी केवळ विनोदी आहे एवढ्या माहितीवर लावला. मायलो यांना असाध्य आजार आहे आणि ते निरोप घेण्यासाठीच मित्राकडे आले होते, हे उघड झाले तेव्हा माझा हात रिमोटकडे गेला. बाबांनी मान हलवून नको म्हटले.

पुढे मायलो घरी परतण्याचे नाकारतात. ते आता सायक्लोन या पंखांच्या घोड्याच्या देहात असतात आणि तेथेच राहून त्या प्रदेशाची राखण करायची, असे ठरवतात. बाबांना हे फार पटले. पण त्यांना पटलेले कारण मला अपेक्षित नव्हते. मृत्यू टळला, याचे त्यांना विशेष वाटले नाही. "त्याला काम मिळालं," असे ते म्हणाले. ते चाळीस वर्षे एसटीत वाहक होते, आणि आजारपणातली त्यांची मोठी तक्रार वेदनेपेक्षा रिकामपणाची असे. चित्रपटाच्या शेवटी एडी आजोबाही नोराच्या उपाहारगृहात व्यवस्थापक म्हणून कामाला लागतात, हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगून दाखवले.

एक प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. पहिला भाग पाहिलेला नाही. थेट हाच दाखवला तर चालेल का?

निवेदकाचे उत्तर : थेट हा दाखवू नये. कोणते पात्र पूर्वी कोणाकडे होते, हे माहीत असल्याशिवाय अदलाबदलीतली अर्धी गंमत कळत नाही, म्हणून २०१७ चा भाग आधी पाहावा. १९९५ चा नंतर पाहिला तरी चालेल. अमेरिकेत या चित्रपटाला 'पीजी-१३' असा दर्जा आहे, त्यामुळे तिसरीतल्या मुलाला एकट्याने बसवू नये. काही संवाद मोठ्यांसाठीचे आहेत आणि झुलत्या पुलांवर माकडे पाठलाग करतात तो भाग लहान मुलांना भीतिदायक वाटू शकतो. श्रेयनामावली सुरू झाली म्हणून लगेच उठू नका. हीटर दुरुस्त करायला आलेला माणूस तळघरातल्या त्या यंत्रापर्यंत पोहोचतो आणि शहामृग थेट गावच्या रस्त्यावर उतरतात, ते त्यानंतरच येते.