तळ्याकाठी उंच हॉटेल नको म्हणणारे सगळे स्वार्थी?

थेंबेथेंबे
परवा एक लेख वाचला आणि दोन दिवस तो डोक्यातून जाईना. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं : तळ्याकाठच्या उंच हॉटेलांना विरोध करणारे लोक पर्यावरणाचं नाव पुढं करतात, पण त्यांचं खरं दुखणं म्हणजे त्यांच्या गॅलरीतून दिसणारं पाणी आता दिसेनासं होणार. स्वतःचं घर झालं की मागून येणाऱ्यांसाठी दार लावून घेणारी ही मंडळी, असंही त्यात होतं. तिथं उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

माझं घर तळमजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची पार्किंगची भिंत दिसते. तरी अशाच एका प्रकल्पाविरुद्ध मी तीन महिने दारोदार सह्या गोळा करत फिरलो. तेव्हा गॅलरीचा मुद्दा माझ्यापुरता तरी निकालात काढा.

माझं भांडण काठासाठी आहे. तळं म्हणजे नुसतं मधलं पाणी नव्हे. पावसाळ्यात बुडणारा आणि उन्हाळ्यात उघडा पडणारा जो पट्टा असतो, तिथंच लव्हाळं उगवतं, उथळ पाण्यात माशांची पिल्लं वाढतात, वरून वाहून येणारी माती तिथंच अडते. हॉटेलवाल्याला नेमका तोच पट्टा हवा असतो. तिथं आधी दगडी भिंत येते, मग हिरवळ, मग खुर्च्या, आणि शेवटी 'फक्त पाहुण्यांसाठी' अशी पाटी. बियास नदीकाठच्या मोटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये स्वच्छ सांगितलं होतं की नदी, किनारा यांसारख्या गोष्टींचं सरकार मालक नाही, जनतेच्या वतीनं विश्वस्त आहे. ती जमीन खासगी फायद्यासाठी देऊन टाकता येत नाही. हे मागणं स्वार्थी कसं?

आणि 'सगळ्या परवानग्या आहेत' हे वाक्य मला ऐकवू नका. केरळात मरडूला बॅकवॉटरच्या काठी उंच इमारती उभ्या राहिल्या, त्यांना २००६ मध्ये पंचायतीनंच परवाने दिले होते. ११ आणि १२ जानेवारी २०२० ला त्याच इमारती सुरुंग लावून पाडल्या. परवाना देणाऱ्यांचं काय गेलं? घरं गेली ती राहणाऱ्यांची.

सरळरेषा
वीस वर्षं इमारतींचे नकाशे काढतोय, म्हणून राहवत नाही. तुम्ही काठाबद्दल लिहिलंत ते पटलं, पण मग राग उंचीवर का? दोनशे खोल्या हव्यात असं धरा. त्या बसक्या कॉटेजमध्ये पसरल्या तर अख्खा काठ गिळतील. त्याच खोल्या एकावर एक रचल्या तर जमीन कितीतरी कमी लागते आणि उरलेली मोकळी ठेवता येते. 'बुटकं ते निसर्गस्नेही' हा भ्रम आहे. गवती छपराच्या रिसॉर्टांनी जेवढे काठ खाल्ले तेवढे कुठल्याही टॉवरनं खाल्ले नसतील. तिथं मात्र कुणी सह्या गोळा करत नाही, कारण ते फोटोत छान दिसतं.

दुसरं, रेषा भावनेनं आखता येत नाही. बेंगळुरूत हरित लवादानं २०१६ मध्ये तलावांभोवती बांधकामबंदीचा ७५ मीटरचा पट्टा ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तो रद्द केला, कारण शहराच्या विकास आराखड्यात ठरलेलं अंतर लवादाला असं परस्पर बदलता येत नाही. न्यायालयाचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. आपल्या सोयीचे तेवढे उचलू नका.

थेंबेथेंबे
@सरळरेषा, नकाशातला टॉवर कमी जागा घेतो, मान्य. प्रत्यक्षातला घेत नाही. टॉवरच्या पायाशी पोडियम, पोहण्याचा तलाव, बँक्वेट हॉल, गाड्या फिरायला रस्ता, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर हे सगळं येतं. 'उरलेली जमीन मोकळी ठेवू' असं सादरीकरणात म्हणतात आणि दुसऱ्या वर्षी तिथं लग्नाचा मांडव पडतो. मोकळी राहिलेली अशी एक तरी जागा तुम्ही स्वतः काढलेल्या नकाशांत आहे का? खरंच विचारतोय.

जुना_नावाडी
तळघराबद्दल कुणीच बोललं नाही अजून. तळ्याशेजारी जमिनीखालचं पाणी जवळजवळ तळ्याच्याच पातळीला असतं. दोन-तीन मजले खाली पार्किंग करायचं तर आधी ते पाणी उपसावं लागतं. आमच्या शेजारी असं खोदकाम चाललं तेव्हा पंप रात्रंदिवस चालू असायचे. वडिलांच्या विहिरीनं कधी तळ दाखवला नव्हता, तो त्या वर्षी दाखवला. काम संपल्यावर पाणी परत आलं, नाही म्हणत नाही. पण मधले पंधरा महिने आई लांबून पाणी आणत होती आणि बांधकामवाल्याच्या लेखी हे नुकसान नव्हतंच, कारण विहीर 'परत भरली'.

वडील होडी चालवायचे, जाळं टाकायचे. आता होडी काठाला लावायला जागा नाही. भिंत आहे.

कलम_पोटकलम
थोडं कायद्याचं. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांनुसार नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही. अपवाद बोटीच्या धक्क्याचा. गोम पुढं आहे. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, करमणुकीसाठी माणसानं बांधलेले जलाशय या नियमांतून वगळलेत. म्हणून प्रत्येक सुनावणीत पहिला युक्तिवाद ठरलेला : हे तळं नैसर्गिक नाहीच.

तरी तेवढ्यानं हातपाय गाळू नका. पवई तलाव १८९१ मध्ये बांधलेलाच आहे. त्याच्या काठच्या सायकल आणि जॉगिंग ट्रॅकचं काम मुंबई उच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवलं. चंदीगडचा सुखनाही १९५८ चा, माणसानं घडवलेला. तिथल्या अभयारण्यापासून १२३ मीटरवर होऊ घातलेल्या टॉवरांची परवानगी सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१९ मध्ये रद्द केली. सरळरेषा यांनी एक निकाल दिला म्हणून हे दोन.

टिटवी
काच! उंच हॉटेल म्हणजे पाण्याकडे तोंड केलेली काचेची भिंत. पक्ष्यांना त्यात आकाश दिसतं. शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठावरच्या एका प्रदर्शन केंद्रावर ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्रीत जवळजवळ हजार स्थलांतरित पक्षी आपटून मेले. फरशीवर ओळीनं मांडलेल्या त्या पक्ष्यांचा फोटो बघितल्यापासून मला काचेच्या दर्शनी भागाचं कौतुक ऐकवत नाही.

सरळरेषा
@टिटवी, ती इमारत उंच नाहीच, बसकी आहे. म्हणजे तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं झालं. आणि पुढची गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत : २०२४ मध्ये तिथल्या काचांवर ठिपक्यांची फिल्म लावली आणि मृत्यू एकदम खाली आले. इमारत पाडावी लागली नाही.

@थेंबेथेंबे, प्रश्न थेट विचारलात म्हणून थेट उत्तर. नाही, एकही जागा मोकळी राहिलेली नाही. पण तो दोष नकाशाचा नाही, नंतर तपासायला कुणी जात नाही याचा आहे.

टिटवी
बरं, इमारत बसकी होती. चुकलं. पण फिल्म लावायला आधी हजार पक्षी मरावे लागले ना? परवाना देतानाच ती अट का नसते, याचं उत्तर द्या.

खिडकीपाशी
खूप वेळ वाचत होते. मी हॉटेलात काम करते. तळ्याकाठच्याच. हाउसकीपिंगपासून सुरुवात केली, आज एका मजल्याची सुपरवायझर आहे. माझ्या पगारावर धाकटा भाऊ शिकला.

इथं सगळे पक्षी, मासे, निकाल यांवर बोलतायत. आमच्यासारख्या मुली रोज दोन बस बदलून शहरात जायच्या ते थांबलं, हे कुणाच्या हिशेबात नाही. थेंबेथेंबे, तुम्ही तीन महिने दारोदार फिरलात. म्हणजे तुमच्याकडे तीन महिने होते. माझ्याकडे तीन दिवस नव्हते. तुमच्या सह्यांमुळे एखादा प्रकल्प थांबतो तेव्हा तुम्हाला तळं मिळतं. आम्हाला काय मिळतं?

जुना_नावाडी
ताई, तुमच्या नोकरीवर माझा राग नाही. पण माझ्या वडिलांचाही तो रोजगारच होता. तुमच्या हॉटेलात काठावरच्या किती घरांतली माणसं आहेत? आमच्याकडून दोघांना घेतलं, दोघंही गेटवर. ज्या काठावर ते जाळी सुकवायचे तिथं आता ते लोकांना आत येऊ देत नाहीत.

खिडकीपाशी
दादा, याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडेही गेटवरची मुलं आसपासचीच आहेत. ऑफिसात एकही नाही.

गाळमोजणी
मूळ विषय बाजूला ठेवून मला एक विचारायचंय. हॉटेलविरुद्ध सही करणाऱ्यांपैकी कितीजणांना आपल्या संडासाचं पाणी कुठं जातं हे माहीत आहे?

मी अकरा वर्षं सांडपाणी प्रक्रिया केंद्रं चालवली. हॉटेलांची आणि गृहसंकुलांचीही. हिशेब असा : घरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, चार-पाच तारांकित हॉटेलसाठी ३२०. दोनशे खोल्या, खोलीत दोन माणसं, म्हणजे भरल्या हंगामात रोज १ लाख २८ हजार लिटर. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे साधारण १ लाख लिटर. मोठा आकडा आहे. पण काठावरच्या पाच हजार माणसांच्या वस्तीचं याच हिशेबानं साडेपाच लाखाच्या आसपास जातं. शेवाळ वाढवून तळं हिरवं करणारा सांडपाण्यातला फॉस्फरस मुख्यतः कुठून येतो ते तुम्हीच बघा.

थेंबेथेंबे
याला विषय भरकटवणं म्हणतात. आमच्या संकुलात प्रक्रिया केंद्र आहे.

गाळमोजणी
आहे, की चालतं? बेलंदूर तलावाच्या काठी चकचकीत संकुलं होती, तरी त्या तलावावर फेस आला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तलावावर चक्क आग लागली. फेस एकट्या हॉटेलांचा नव्हता.

एका संकुलात मला समितीनं सांगितलं होतं, रात्री अकरा ते सहा ब्लोअर बंद ठेव, वीजबिल फार येतं. ब्लोअर बंद म्हणजे टाकीत हवा नाही, आणि हवा नाही म्हणजे मैला खाणारे जिवाणू मरायला लागतात. सकाळी काळं पाणी बाहेर पडायचं, थेट नाल्यात. मी वहीत लिहून ठेवलं तर वही बदलली. त्याच समितीचे लोक पुढच्या रविवारी 'तळं वाचवा' फलक धरून उभे होते. मी नोकरी सोडली, आणि सोडताना भांडलो.

सरळरेषा
गाळमोजणी यांना हजार टक्के अनुमोदन. पायाभूत कारण हे आहे. सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी वळवलं आणि गढूळ झालेलं सरोवर काही वर्षांत नितळ झालं. काठावरचं शहर तिथंच राहिलं, पाडलं नाही.

गाळमोजणी
सरळरेषा, मला तुमच्या गाडीत बसवू नका. हॉटेलचं केंद्र चालवणं संकुलापेक्षा अवघड असतं. सुट्टीत खोल्या भरलेल्या, एरवी रिकाम्या. जिवाणूंना खायला मिळालं नाही की ते मरतात, आणि पुढच्या शनिवार-रविवारी एकदम लोंढा येतो. कच्चं पाणी तसंच पुढं जातं. वर स्वयंपाकघराचं तेल. ते तेल काढणारी टाकी महिनोन् महिने न उपसलेली मी स्वतः पाहिलीय. नव्या हॉटेलाला माझाही विरोध आहे. फक्त फलक धरणाऱ्यांबरोबर मी उभा राहणार नाही.

कलम_पोटकलम
म्हणजे नुकसान होणार हे मान्य, तरी विरोध करणाऱ्यांना साथ नाही. हे कुठलं शहाणपण? स्वतः शंभर टक्के स्वच्छ असल्याशिवाय माणसानं तोंड उघडायचंच नाही का? असं म्हटलं तर कुठलीच याचिका दाखल होणार नाही.

गाळमोजणी
वास तुमच्या नाकात गेला नाही, म्हणून याचिका सुचतात. काळं पाणी नाल्यात सोडायला मला लावलं होतं.

टिटवी
दोघंही आवाज खाली घ्या. हॉटेल राहिलं बाजूला.

थेंबेथेंबे
चार दिवसांनी लिहितोय. गाळमोजणी यांच्यावर चिडलो होतो आणि ते खोटं ठरवायलाच आमच्या केंद्राकडे गेलो. सहा वर्षं राहतोय, पहिल्यांदा गेलो. ऑपरेटर आधी बोलेना. दुसऱ्या दिवशी झाकण उघडून दाखवलं. प्रक्रिया न करता पाणी बाहेर काढणारा एक पाइप आहे, त्याचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा होता. तो पाइप नाल्यात जातो आणि नाला तळ्यात. ऑपरेटर म्हणाला, मी रुजू झालो तेव्हापासून तो असाच आहे.

मला लाज वाटली. सह्यांच्या कागदावर आमच्या संकुलातल्या ११२ सह्या आहेत.

हॉटेलाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. काठ बांधायला द्यायचा नाही, पूरपातळीपासून ५० मीटर म्हणजे ५० मीटर. पण आता अर्जाबरोबर आमच्या पाइपचे फोटोही जोडणार आहे. समितीतले दोघं आत्ताच बोलेनासे झालेत.

सरळरेषा
५० मीटर मागं सरकून, तळघर न खोदता, काठाची वाट सगळ्यांना खुली ठेवून कुणी उंच इमारत आणली तर माझा तिला पाठिंबा राहील, आणि तुमचा विरोध राहील असं दिसतंय. असू दे. अशी मागणी घेऊन माझ्याकडे अजून एकही मालक आलेला नाही, हे मात्र कबूल करतो.

गाळमोजणी
थेंबेथेंबे, व्हॉल्व्ह बंद करून घेतलात तरी तेवढ्यावर थांबू नका, तो पुन्हा उघडतात. केंद्राला वेगळा वीजमीटर मागा आणि रोजचं रीडिंग सूचनाफलकावर लावायला लावा. वही बदलता येते. मीटरचे आकडे वीजबिलात उतरतात, तिथं रात्रीचा ब्लोअर लपत नाही. हॉटेलच्या अटींतही हेच घाला. अर्ज लिहायला बसाल तेव्हा सांगा, तांत्रिक भाग मी लिहून देतो.

खिडकीपाशी
पहिल्या कागदावर मी सही करणार नाही. मीटरचा वेगळा कागद काढलात आणि त्यात काठावरच्या घरांतल्या मुलांना ऑफिसात घ्या हेही लिहिलंत, तर माझ्या मजल्यावरच्या नऊ मुलींच्या सह्या आणून देते.

जुना_नावाडी
होडी लावायला जागा, तेही लिहा.