मदत हवी आहे: इंजिन काढून मोटर बसवली, पाणी टाकीत चढत नाही

वाडीवाला_गुहागर
विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन काढलं, नवी मोटर लावली. पंप तोच, पट्टा नवीन. मोटर झकास फिरते, पण पाणी टाकीपर्यंत येतच नाही, नळीतच लोंबकळतं. पोफळी सुकायला लागल्या. मोटर खराब निघाली का? लवकर सांगा.

वेंगुर्लेकार
अरे, फूटव्हॉल, नळीच्या तळाची झडप, बघलंस काय? आमच्याकडे सगळ्या पंपांचो हो एकच आजार. पाणी खाली उतरता, मगे पंप हवा धरता.

वाडीवाला_गुहागर
फूटव्हॉल नवाच आहे. म्हणून तर विचारतोय.

निवृत्त_फिटर
मोटर किती एचपी, किती आरपीएम (मिनिटाला फेरे), पुल्या केवढ्या? इंजिनाची पुली केवढी होती? हे न सांगता मोटर खराब म्हणजे काय!

दापोलीकर
उलटी फिरत असेल. थ्री फेज असेल तर कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा, काम झालं.

वाडीवाला_गुहागर
दिशा बरोबर आहे, पंपावरच्या बाणाप्रमाणे. मोटर ३ एचपी, १४४०. तिच्यासोबत ४ इंची पुली आली, पंपाला ५ इंची आहे. इंजिन ५ एचपीचं, १५०० फेऱ्यांचं, पुली ८ इंची. १५०० आणि १४४० मध्ये असा काय फरक?

हौशी_मेकॅनिक
फरक नाहीच. एकाच पट्ट्यावर दोन्ही पुल्यांचा वेग सारखाच असतो. दोष पंपातच आहे, इंपेलर म्हणजे आतलं पात्यांचं चाक झिजलं.

निवृत्त_फिटर
सारखा असतो तो पट्ट्याचा वेग हो, सेकंदाला किती मीटर तो! फेरे सारखे नसतात. पुली लहान, तर त्याच पट्ट्यावर तिचे फेरे जास्त. कोनीय वेग म्हणजे पट्ट्याचा वेग भागिले त्रिज्या. आधी पंप १५०० × ८ ÷ ५ = २४०० फेरे घेत होता. आता १४४० × ४ ÷ ५ = ११५२. निम्म्याहून कमी! आणि सेंट्रिफ्युगल, म्हणजे फिरत्या चाकाने पाणी फेकणाऱ्या, पंपाची पाणी चढवायची ताकद फेऱ्यांच्या वर्गाने बदलते. म्हणजे उरली पूर्वीच्या चौथाईपेक्षा कमी.

हौशी_मेकॅनिक
मग लाव ८ इंची पुली, इतकं पुराण कशाला?

निवृत्त_फिटर
लावा आणि मोटर जाळा. फेरे २३०४ होतील, पण शक्ती लागते घनाने. पूर्वी ५ एचपी पुरी खर्च होत होती असं धरलं, तर आता साडेचार लागतील. मोटर तीनची. ६ इंची लावली तर १७२८ फेरे, दोन एचपीच्या आत. पाणी चढण्याची उंची मात्र पूर्वीच्या निम्मी. टाकी किती उंच आहे?

रहाटगाडगं
आमच्या आजोबांच्या वेळी रहाट होता. बैल फिरायचा तेवढंच पाणी, पण यायचं नक्की. लोटे मोजत आम्ही झोपायचो. बैलाला पुली नव्हती.

दापोलीकर
सोलर पंप घ्या हो, अनुदान मिळतं.

वाडीवाला_गुहागर
अनुदान नको, पाणी हवंय! पाण्यापासून टाकी ३५ फूट असेल. पंप पाण्यापासून १५ फुटांवर. पंपावरची कंपनीची प्लेट गंजलीय, वाचता येत नाही.

निवृत्त_फिटर
१५ फूट खेचणं ठीक आहे. पण चैत्रात पाणी आणखी खाली गेलं, तर २५ फुटांच्या पुढे कितीही फेरे दिलेत तरी पंप खेचणार नाही; तेव्हा पंप खाली उतरवावा लागेल. आता ६ इंची लावा, मोटरच्या तारेवर क्लॅम्प मीटर धरा, मोटरच्या प्लेटवरच्या आकड्याच्या वर अँपिअर गेले तर लगेच बंद. पट्टा लहान पडेल, मोटर सरकवायला जागा ठेवा.

वेंगुर्लेकार
तरीपण फूटव्हॉल बघ रे.

वाडीवाला_गुहागर
उद्या चिपळूणला जाऊन पुली आणतो. काका, ६ इंची म्हणजे बाहेरून मोजायची की खाचेतून?

निवृत्त_फिटर
पट्टा जिथे बसतो तिथून. हे आधीच विचारायला हवं होतं तुम्ही. आता बाकीच्या दोन्ही पुल्याही तशाच मोजा, आणि आकडे इथे टाका.