मदत हवी आहे: आडनाव ड्रमंड, पण घराणं मॅकग्रेगरांचं? शोध कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी मूळची धुळे जिल्ह्यातली, लग्नानंतर कॅनडात हॅलिफॅक्सला. सासरचं आडनाव ड्रमंड. सासरे ऐंशी ओलांडून गेलेत आणि त्यांनी घराण्याची वंशावळ लिहायला घेतली आहे. इंटरनेटवरची शोधाशोध अर्थातच सूनबाईंकडे. इथे कुलवृत्तांताचं काम केलेले जाणकार आहेत, स्कॉटलंडात राहणारेही आहेत, म्हणून विचारते.

"आपण खरे मॅकग्रेगर" असं या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. आता असं कुठलं घराणं सांगत नाही? आपल्याकडेही प्रत्येकाचा कुणीतरी पूर्वज महाराजांच्या फौजेत होताच. पण वाचायला लागल्यावर ही गोष्ट अगदीच हवेतली वाटेना.

फेब्रुवारी १६०३ मध्ये स्कॉटलंडातल्या ग्लेन फ्रूनच्या खोऱ्यात मॅकग्रेगरांनी कहून घराण्याची माणसं कापून काढली. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स त्यानंतर लवकरच इंग्लंडच्या गादीवर बसायला लंडनला निघायच्या गडबडीत होता. जाण्याच्या तोंडावर, ३ एप्रिलला, प्रिव्ही कौन्सिलने (राजाच्या सल्लागार मंडळाने) मॅकग्रेगर हे आडनावच बंद करून टाकलं. लावाल तर मृत्युदंड! घराण्याचा प्रमुख अलास्डेर याला पुढच्या जानेवारीत एडिनबरात फाशी दिली. उरलेल्यांनी शेजारच्या किंवा जमीनमालकाच्या घराण्याचं नाव घेतलं: कॅम्पबेल, मरे, ग्रँट, ड्रमंड. मॅकग्रेगरांतला प्रसिद्ध रॉब रॉयसुद्धा आईच्या माहेरचं कॅम्पबेल लावायचा. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये परत लादली, आणि कायमची गेली ती १७७४ साली.

बंदी गेली म्हणून सगळ्यांनी दुसऱ्या दिवशी जुनं नाव लावलं असंही नाही, आणि याचं उदाहरण मला सापडलं ते चक्क माहेरी. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रज जनरल हिस्लॉपच्या फौजेने तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यावर हल्ला केला. त्यात जखमी झालेल्यांमध्ये एक लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे होते. हे मॅकग्रेगरांच्या प्रमुखाचे चिरंजीव! वडील जॉन मरे यांनी बंगालमध्ये कंपनी सरकारची नोकरी केलेली. बंदी उठल्यावर ८२६ जणांनी सह्या करून त्यांना प्रमुख मानलं, तरी आडनाव मरेच राहिलं. मुलाने ते रीतसर बदलून घेतलं १८२२ मध्ये. लहानपणी थाळनेरला कितीदा गेले असेन, पण तिथे माझ्या सासरचा धागा निघेल असं वाटलं नव्हतं (निघाला तर!).

आमच्याकडे पुरावा एवढाच: इथल्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या पिक्टू परगण्यातली एक थडग्याची शिळा, 'पर्थशायरमधील कॉमरी पॅरिशचे रहिवासी' असं कोरलेली (पर्थशायर स्कॉटलंडात, पॅरिश म्हणजे एका चर्चचा इलाखा), आणि घरातल्यांची नावं लिहिलेलं एक कौटुंबिक बायबल. पिक्टूत स्कॉटलंडहून पहिली मोठी तुकडी १७७३ मध्ये 'हेक्टर' जहाजाने आली. पुढे १७८६ मध्ये तिथे जे पाद्री आले त्यांचं नाव जेम्स ड्रमंड मॅकग्रेगर, जन्म कॉमरीजवळचाच. दोन्ही नावं एकाच माणसात पाहून सासरे खुर्चीतून उठलेच.

तर प्रश्न असा की ड्रमंडच्या मागे मॅकग्रेगर आहे हे कागदावर सिद्ध कसं करायचं? आणि डीएनए चाचणीचा उपयोग होतो का?

प्रतिसाद १

ताई, मी एडिनबरात असतो, स्वतः बायकोच्या माहेरचं शोधलंय. 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर जुन्या पॅरिश नोंदी १८५४ पर्यंतच्या आहेत. शोध फुकट, मूळ पान बघायला क्रेडिट विकत घ्यावी लागतात. कॉमरीबरोबर शेजारचं बॅल्क्विडरही बघा, ते मॅकग्रेगरांचं जुनं ठाणं. 'मॅकग्रेगर उर्फ ड्रमंड' अशा नोंदी मिळतात. माझी युक्ती: आडनाव टाकूच नका. आईचं नाव आणि गाव धरून १७६५ ते १७८५ मधले बाप्तिस्मे काढा. इथे बायकांचं माहेरचं नाव बहुधा नोंदवलेलं असतं, त्यामुळे त्याच जोडप्याच्या थोरल्या मुलाचं आडनाव ड्रमंड आणि धाकट्याचं मॅकग्रेगर निघालं, तर काम झालं.

मुलांची नावंही उपयोगी पडतात. थोरल्याला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव ठेवायची रीत होती. सगळे पाळत नसत, पण दिशा कळते.

प्रतिसाद २

थोडं पाणी ओततो, राग मानू नका. ड्रमंड हे पर्थशायरमधलं स्वतःचं मोठं, जुनं घराणं आहे. कॉमरीचा ड्रमंड हा बहुतेक वेळा ड्रमंडच असतो. कागद मिळण्याआधी वंशावळीत मॅकग्रेगर लिहू नका. डीएनएसाठी वाय गुणसूत्राची चाचणी करा, ते आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. 'फॅमिली ट्री डीएनए'वर मॅकग्रेगरांचा प्रकल्प आहे, तिथे जुळवून बघता येईल. चाचणी सासऱ्यांची किंवा तुमच्या यजमानांची हवी, तुमची नाही.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. पाणी ओतलंत ते बरंच झालं, सासऱ्यांनी वंशावळीच्या पहिल्या पानावर मॅकग्रेगरांचं बोधचिन्ह चिकटवायला घेतलंच होतं. चाचणीला ते तयार आहेत. शिळेवरच्या गृहस्थांच्या आईचं नाव बायबलात आहे, तिथूनच सुरुवात करते. अठराव्या शतकातलं ते हस्ताक्षर वाचायची सवय कुणाला असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पानं पाठवते.