‘उभ्या पिकातलं ढोर’: रूपक अर्थ घडवते की केवळ सजवते?

प्रश्न
बहिणाबाई चौधरी यांच्या ‘मन वढाय वढाय (ओढाळ), उभ्या पिकातलं ढोर’ या ओळींचा अर्थ अनेकदा ‘मन चंचल असते’ असा एका वाक्यात सांगून संपवला जातो. अर्थ एवढाच असेल, तर ढोर ही निव्वळ सजावट ठरते. मला हे पटत नाही. पण त्या एका वाक्यातून नेमके काय निसटते, ते जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
नुकसान निसटते आणि राखणदारही निसटतो. ‘चंचल’ हे विशेषण मनाचा स्वभाव सांगून थांबते. उभ्या पिकात ढोर शिरले की मात्र पाहत बसता येत नाही, हातातोंडाशी आलेला घास वाचवायला धावावेच लागते. म्हणूनच ‘किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर’ ही पुढची ओळ त्या रूपकातूनच उगवते. शिवाय हिरवे दिसल्यावर तिकडे वळणाऱ्या ढोराला कोणी पापी म्हणत नाही, त्यामुळे मनाविषयीची तक्रार कायम राहूनही त्याचा धिक्कार होत नाही. हा सूक्ष्म भाव गद्य वाक्यात कसा आणणार?

प्रतिसाद २
सहमत आहे, मात्र एकट्या ढोरावर थांबू नये. अलंकारशास्त्राप्रमाणे उपमेय (ज्याची तुलना करायची ते, इथे मन) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते, इथे ढोर) यांचा अभेद असतो, म्हणजे दोन्ही एकच मानले जातात, तेथे रूपक, आणि ‘जसा’ने जोडलेले साम्य असते तेथे उपमा. या कवितेत दोन्ही आहेत, पण मला त्यांचा क्रम अधिक महत्त्वाचा वाटतो. ढोर निदान हाकता तरी येते. वाऱ्याने पाण्यावर चालणाऱ्या लाटा हाकता येत नाहीत. पुढे तर विंचू-साप बरे, कारण त्यांच्या विषाला उतारा आहे, असे म्हटले आहे. प्रतिमा बदलत जातात तसतसा माणसाचा मनावरचा ताबा सुटत जातो, आणि अखेरीस असे मन घडलेच कसे, हा प्रश्न थेट देवालाच विचारला जातो. कवितेचा युक्तिवाद प्रतिमांच्या या क्रमात आहे.

प्रतिसाद ३
एक भर घालतो. बहिणाबाई (१८८०–१९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या, निरक्षर आणि शेतात राबणाऱ्या. म्हणून ‘शेतकरीण होती, तिला ढोरच सुचणार’ असे सहज म्हटले जाते. हे मला अन्यायाचे वाटते. नांगर, मोट, पेरणी, खळे असे कितीतरी तिच्या रोजच्या जगण्यात होते. त्यातून मनासाठी पिकात शिरलेले ढोरच निवडणे, ही कवीची जाणती निवड आहे.