मदत हवी आहे: १७ मेच्या संध्याकाळी गच्ची फुललेली हवी, बियांचं गणित जमत नाहीये

अर्धी कुंडी

नमस्कार मंडळी,

माझ्या सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन १७ मेला संध्याकाळी सहाला आहे. हॉल नको, घरचीच पन्नासेक माणसं, आपल्या गच्चीवरच करू, असं त्यांनी जाहीर केलं. त्याच बैठकीत मी उत्साहाच्या भरात बोलून बसले की फुलं विकत आणायची नाहीत, गच्ची मी बियांपासून फुलवते. आज फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. दीर जिन्यात भेटले की रोज विचारतात, "काय वहिनी, कुठवर आलं?" अजून एक बी मातीत गेलेलं नाही. हात धजत नाही, कारण गेल्या वर्षीचा अनुभव.

गच्ची पुण्यात धनकवडीत, चौथ्या मजल्यावर. पश्चिमेला पूर्ण मोकळी. सकाळी नऊला जे ऊन येतं ते मावळेपर्यंत हलत नाही. सावली काय ती पाण्याच्या टाकीची, तीही दुपारनंतर सरकते. कुंड्या दहा इंची, काळ्या प्लास्टिकच्या, पंचवीस. शिवाय सहा ग्रो बॅग आणि तडा गेलेला एक बाथटब (तो कुठून आला ते विचारू नका).

गेल्या वर्षी मी दोनदा पेरलं आणि दोनदा फसले. पहिल्यांदा मार्चमध्ये. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये घरचं कंपोस्ट भरलं आणि झिनिया, सदाफुली, ऑफिस टाइम (पोर्तुलाकाची बुटकी फुलं) असं सगळं लावलं. झिनिया पाचव्या दिवशी तरारून उगवला, मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. दहाव्या दिवशी सकाळी पाहते तर रोपं आडवी. मातीलगत देठ सुतासारखा बारीक झालेला, वरची पानं मात्र हिरवीगार. सदाफुलीच्या चाळीस बियांतून तीन उगवल्या. ऑफिस टाइमचं तर बी कुठे गेलं तेच कळलं नाही. चिमूटभर भुरभुरवलं होतं, उगवलं शून्य.

दुसऱ्यांदा मेच्या शेवटी. एका परदेशी व्हिडिओत बाई सांगत होत्या की ही फुलं उन्हाळ्याच्या अखेरीस हवी असतील तर मेअखेर पेरा. पेरलं. जुलैअखेर फुलं आली, पण वर आभाळ आणि खाली ओल, पानांवर पिठी फासल्यासारखी भुरी. तेव्हा मैत्रिणीने समजावलं की त्यांचा उन्हाळा संपतो ऑगस्ट-सप्टेंबरात, आपला संपतो मेमध्ये. त्यांच्याकडे बर्फ सरल्यावर जे पेरतात ते आपण शिमग्याच्या आगेमागे पेरायला हवं.

म्हणून यंदा इथल्या उन्हाळ्याच्या हिशेबाने चाललेय. झिनिया, पिवळा कॉसमॉस, सूर्यफूल, गोम्फ्रेना, सदाफुली आणि कडेने ऑफिस टाइमची झालर, असा बेत आहे. १७ मेला बहर हवा तर कोणतं कधी पेरू? आणि रोपं कोलमडतात त्याचं काय करू?

मातीत हात

ताई, आधी कोलमडण्याचं बघू, बाकी तारखा नंतर.

मातीलगत देठ सुतासारखा होऊन रोप आडवं पडतं ती बुरशी. शेतकरी याला रोपांची मर म्हणतात. अर्धवट कुजलेलं कंपोस्ट आणि सतत ओला राहणारा पुठ्ठा, म्हणजे बुरशीला आमंत्रण. कंपोस्ट मोठ्या रोपांना घाला, बियांच्या ट्रेमध्ये अजिबात नको. कोकोपीट दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, त्यात चौथा हिस्सा जाड वाळू आणि मूठभर पूर्ण झालेलं गांडूळखत. ट्रायकोडर्माची (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पुडी कोणत्याही शेतीच्या दुकानात मिळते, चमचाभर त्यात मिसळा. पाणी सकाळी, तेही वरून न घालता परातीत पाणी घेऊन ट्रे त्यात ठेवायचा. वरची माती ओली दिसली की उचलायचा. संध्याकाळी पाणी नाही.

पेरल्यावर ट्रेवर ओलं गोणपाट टाका. आपल्याकडे मार्चमध्ये हवा इतकी कोरडी असते की वरचा अर्धा सेंटिमीटर तासाभरात वाळतो आणि नुकतं फुटलेलं बी तिथेच मरतं. लोक उष्णतेला दोष देतात, खरा दोष या वाळण्याचा. पण पहिला कोंब दिसला की गोणपाट त्याच तासाला काढा. एक दिवस उशीर झाला तर रोपं लांबुडकी होतात आणि मग ती सावरत नाहीत.

सदाफुलीचं बी अंधारात उगवतं, त्यावर मातीचा थर हवाच. तुम्ही बहुतेक उघडं ठेवलं. ऑफिस टाइमचं नेमकं उलटं, त्याला उजेड लागतो, मातीवर फक्त दाबायचं, त्यावर गोणपाटही नको. ते धुळीसारखं बारीक बी मुंग्यांनी नेलं असणार. ट्रेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, फुलपात्रंही चालतात. माझं एक अख्खं पाकीट मुंग्यांनी डोळ्यांदेखत नेलंय.

मांजरी बुद्रुक

आमच्या घरी गलांडा आणि झेंडू शेतावर होतो, गुलटेकडीच्या मार्केटला जातो. गच्चीचा अनुभव नाही, पण उन्हाचा आहे.

तुमच्या यादीत गलांडा नाही याचं नवल वाटलं. हाराचं फूल म्हणून शहरातली माणसं त्याला नाक मुरडतात. चाळीस अंशात टिकणारं आणि पाण्याला जरा मागेपुढे झालं तरी न रुसणारं त्याच्यासारखं दुसरं नाही. मात्र बियांपासून फूल यायला अडीच ते तीन महिने धरा, म्हणजे आजच पेरा. नाहीतर सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनच्या अलीकडे नर्सऱ्यांची रांगच आहे, तिथून तयार रोपं आणा. दिराला सांगू नका म्हणजे झालं.

गोम्फ्रेनाही आजच. त्याच्या बीला कापूस चिकटलेला असतो, रात्रभर भिजवून पेरा. सदाफुलीचं बी आता टाकून मेमध्ये भरगच्च झाडं मिळणार नाहीत, ती रोपंच घ्या आणि पाणी बेताने द्या. ती तहानेने मरत नाही, लाडाने मरते.

झिनियाला पेरणीपासून साठ-पासष्ट दिवस. एक खेप ५ मार्चला, दुसरी १५ ला. रोप वीतभर झालं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. जीव होत नाही, माहीत आहे, पण न खुडलेल्या झिनियाला काठीवर एक फूल येतं, खुडलेल्याला सहा-आठ. पिवळा कॉसमॉस पन्नास-पंचावन्न दिवसांत येतो, त्याला २० मार्च पुरे. त्याला खत घालू नका. पोसला की नुसता पाला वाढतो.

एप्रिलमध्ये पानं फिकट, ठिपक्याठिपक्यांची दिसली आणि खाली बारीक जाळी असली तर तो लाल कोळी. कोरड्या उन्हातला शत्रू. पानांच्या खालच्या बाजूने सकाळी पाण्याचा जोरात फवारा मारा. निंबोळी तेल मारायचं तर सूर्य कलल्यावर, दुपारी मारलं तर पानं भाजतात.

संध्याछाया

सगळे तारखा मोजताय, पण एक गोष्ट कोणी बोललंच नाही. कार्यक्रम संध्याकाळी सहाला ना? ऑफिस टाइम दुपारी मिटून जातं. नावातच आहे की! सहा वाजता पाहुण्यांना झालर नाही, वळलेल्या वाती दिसतील.

त्या जागी गुलबक्षी लावा. उष्णता आवडते, साडेचार-पाचला उमलते, रात्रभर फुललेली राहते, वर वास. मिरीएवढं काळं बी, रात्रभर भिजवा आणि थेट कुंडीत अर्धा इंच खोल पेरा. तिचं मूळ गाजरासारखं खाली जातं, म्हणून ट्रे नको. आता पेरलीत तर अकरा-बारा आठवडे हाताशी आहेत, पुरतात. आम्ही लहानपणी तिच्या नळ्या एकमेकींत गुंफून बिनदोऱ्याची वेणी करायचो. घरात लहान मुलं असतील तर बी मात्र तोंडात जाऊ देऊ नका, विषारी असतं.

सूर्यफुलाचंही ऐका. कोवळं असताना ते सूर्यामागे फिरतं, पण पूर्ण उमललेलं फूल पूर्वेकडे तोंड करून थांबतं. तुमची गच्ची पश्चिमेला मोकळी, म्हणजे कुंड्या पश्चिमेच्या कठड्याला लावा, तोंडं आत लोकांकडे राहतील. पूर्वेला लावलीत तर पाहुण्यांना फुलांच्या पाठी आणि शेजारच्या बिल्डिंगला दर्शन.

अर्धी कुंडी

संध्याछाया, मी कपाळाला हात लावला! नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "मी हेच म्हणणार होतो." तो काहीही म्हणणार नव्हता.

गुलबक्षीचं बी कोपऱ्यावरच्या आजींच्या अंगणातून मूठभर आणलं. गलांडा आणि गोम्फ्रेना काल पेरले, ट्रेखाली चार फुलपात्री. झिनियाचा मुहूर्त ५ मार्च. सदाफुली नर्सरीतून, दिरांना आधीच सांगून.

आता पाण्याचं विचारते. उन्हाळ्यात पाणी जपून वापरा अशी सोसायटीची नोटीस दरवर्षी लागते. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी आणि एसीचं पाणी रोपांना चालेल का? आणि काळ्या कुंड्या इतक्या तापतात की हात लावला तर चटका बसतो, त्याचं काय?

मातीत हात

एसीचं खुशाल घाला, त्यात क्षार नसतात. फिल्टरचं मागे राहिलेलं पाणी क्षारांनी दाट झालेलं असतं, ट्रेला नको. मोठ्या झाडांना साध्या पाण्यात मिसळून, तेही रोज नाही. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी उत्तम.

कुंड्यांना बाहेरून चुना फासा. विटांवर ठेवा म्हणजे तापलेली फरशी बुडाला लागणार नाही आणि एकमेकींना खेटून ठेवा, बाहेरच्या ओळीची सावली आतल्यांना मिळते. वरून पालापाचोळ्याचं दोन बोटं आच्छादन. रसवंतीवरची उसाची चिपाडं फुकट मिळतात म्हणून आणू नका, मी आणली होती, आठवडाभर गच्ची मुंग्यांची होती. रोपं लहान असेपर्यंत दुपारी हिरवी जाळी, नंतर काढून टाका. या फुलांना सावलीत ठेवलं तर ती फुलतच नाहीत.

एक विनंती. कॉसमॉसचं बी उरलं तर फिरायला जाताना तळजाईवर किंवा कोणत्याही टेकडीवर उधळू नका. पाऊस सरताना टेकड्यांवर जो पिवळा-केशरी कॉसमॉस दिसतो आणि लोक त्यात उभं राहून फोटो काढतात, तो मुळात मेक्सिकोकडचा, बागांतून सुटलेला आहे. आपल्या रानफुलांची जागा खातो. झाडावर वाळलेली फुलं वेळेवर खुडलीत की बी सांडतही नाही.

मांजरी बुद्रुक

आणि वळीव विसरू नका. मेच्या मध्याला चार वाजता आभाळ भरून आलं की आधी वारा सुटतो, पाऊस मागाहून. झिनियाला बांबूच्या कामट्या आत्ताच लावून ठेवा. झाड मोठं झाल्यावर कामटी खुपसली तर मुळं तुटतात.

अर्धी कुंडी

आज २ मे, म्हटलं कळवावं.

झिनियाच्या पहिल्या खेपेतली बत्तीस रोपं जगली, चार गेली. शेंडे मी खुडले नाहीत, सासऱ्यांनी खुडले. मी जिन्यात उभी राहिले, बघवेना. आता एकेका झाडावर पाच-सहा फुलं आहेत आणि दुसरी खेप कळ्यांवर आलीय. कॉसमॉसचा नुसता पाला आहे, कारण मी खत घातलं. सांगितलेलं असूनही घातलं. गलांडा रांगेत सगळ्यात दणकट. लाल कोळी मधल्या चार झिनियांना लागला होता, फवाऱ्याने आटोक्यात आहे. सूर्यफुलाची तीन डोकी पोपटांनी खाल्ली, उरलेल्यांवर जुनी मच्छरदाणी टाकलीय.

गुलबक्षी परवा पहिल्यांदा उमलली, राणी रंगाची, पाचला दहा मिनिटं असताना. सासरे आता रोज साडेचारला खुर्ची घेऊन तिच्यासमोर बसतात आणि ती उमलली की खाली हाक मारून वेळ सांगतात. काल चार बावन्न.

कॉसमॉसचं पंधरा दिवसांत काही होण्यासारखं आहे का?

मांजरी बुद्रुक

खत बंद. पाणी निम्मं करा, पानं दुपारी जरा मान टाकू देत, पण सकाळपर्यंत सावरली पाहिजेत. कळी धरली तर धरली. नाहीतर त्या कुंड्या मागे सारून गलांडा पुढे घ्या.