शब्दचर्चा : ‘अंतःप्रेरणा’ की ‘गोडी’?

अनुवादिका : पालकांसाठीच्या एका पुस्तिकेचे भाषांतर करताना, बक्षिसासाठी किंवा धाकाने नव्हे तर कृतीतच रस वाटतो म्हणून ती करावीशी वाटणे, या अर्थाने मी ‘अंतःप्रेरणा’ हा शब्द योजला. संपादकांनी तो खोडला. त्यांच्या मते अंतःप्रेरणा म्हणजे तर्काच्या आधाराविना मनाने दिलेला कौल. ‘आंतरिक प्रेरणा’ अर्थाला चुकत नाही, परंतु ‘मुलाची आंतरिक प्रेरणा जोपासा’ हे वाक्य वाचून कोणता पालक पुढचे पान उलटेल? पर्याय सुचवावेत.

निवृत्त अध्यापक : संपादकांचा आक्षेप रास्त आहे. पक्ष्याला घरटे बांधायला लावणाऱ्या उपजत वृत्तीला ‘सहजप्रेरणा’ म्हणतात, त्यामुळे गोंधळात भरच पडते. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ‘अभिप्रेरणा’ आहे. त्यामागे ‘आंतरिक’ जोडावे आणि मोकळे व्हावे.

व्याकरणवेडा : ‘अभिप्रेरणा’ परीक्षेच्या उत्तरपत्रिकेबाहेर कोणी उच्चारल्याचे मी ऐकलेले नाही. खरी अडचण ‘प्रेरणा’ या शब्दातच आहे. प्र आणि ईर् मिळून अर्थ होतो पुढे ढकलणे, चालना देणे. आपण ज्याला प्रयोजक क्रियापद म्हणतो, त्याला हिंदी व्याकरण ‘प्रेरणार्थक’ म्हणते, कारण तिथे एक जण दुसऱ्याकडून काम करवून घेतो. म्हणून मराठीत प्रेरणा कोणी तरी देतो आणि कोणाला तरी ती मिळते. याउलट गोडी, छंद, नाद, ओढ, ध्यास आणि वेड हे सारे ‘लागतात’. ‘मला वाचनाची गोडी लागली’ या वाक्यात ढकलणारा कोणीच नाही. भाषेने हा भेद आधीच करून ठेवला आहे, तेव्हा ‘गोडी’ लिहा.

निवृत्त अध्यापक : ‘आजीने गोडी लावली’ या वाक्यातल्या आजीचे काय करायचे?

मानसशास्त्राची विद्यार्थिनी : आजी राहू द्या, कारण पुस्तिकेला बहुधा तीच हवी आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना प्रमाणपत्राचे आमिष आधी सांगून चित्रे काढायला लावली, काहींना ते अनपेक्षितपणे दिले आणि काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळेत पहिल्या गटाची मुले चित्रांकडे इतरांच्या जवळपास निम्मा वेळच वळली. अनपेक्षित प्रमाणपत्र मिळालेल्यांची आवड मात्र टिकली. तरीही ‘गोडी’ सर्वत्र चालणार नाही. ताटे घासण्याची गोडी क्वचितच कोणाला लागते. ते घरातले आपले काम आहे असे पटून मूल ते करू लागते, तेव्हा डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ त्याला आंतरिक प्रेरणा न मानता बाहेरची अपेक्षा आत मुरणे मानतात. त्यासाठी ‘अंगी बाणणे’ हा शब्दप्रयोग चपखल आहे.

हौशी रंगकर्मी : ‘हौस’ कोणाला कशी सुचली नाही? हौसेला मोल नसते, हीच तर या संकल्पनेची व्याख्या झाली.

निवृत्त अध्यापक : हौस अरबी ‘हवस’वरून आली आहे. मुलांच्या पुस्तिकेत ती आणण्यापूर्वी विचार करावा.

हौशी रंगकर्मी : हिंदीत ‘हवस’चे जे झाले त्याची शिक्षा मराठी हौसेला का? मराठीत लग्नापासून बागेपर्यंत सगळे हौसेने होते. परकीय मुळांचे शब्द काढायचे ठरवले, तर आपल्या आक्षेपातील ‘अरबी’देखील काढावा लागेल.

व्याकरणवेडा : मुळापेक्षा मोठी हरकत अशी, की ‘हौशी’ म्हटले की कच्चेपणाचा वास येतो. शिवाय हौस एका मुंजीपुरतीही असू शकते. रोजच्या सरावाला ती पुरत नाही.

हौशी रंगकर्मी : तीन महिने रात्री अकरापर्यंत तालमी करणाऱ्यांना हे सांगून पाहा. शासनाची हौशी नाट्यस्पर्धा बक्षिसे देते, म्हणून आमची हौस निम्मी झालेली नाही.

मानसशास्त्राची विद्यार्थिनी : बक्षीस काम करून घेण्याची दोरी ठरते की ‘हे तुम्हाला जमले’ अशी पावती ठरते, यावर ते अवलंबून असते. डेसी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसांनी रस घटत असल्याचे दिसले, तर शाबासकीने तो वाढण्याकडे कल होता.

निवृत्त अध्यापक : तरीही वर्गात शाबासकी आणि आमिष यांतील रेषा इतकी स्वच्छ नसते. रोज ‘शाब्बास’ ऐकण्यासाठीच हात वर करणारी मुले मी पाहिली आहेत.

अनुवादिका : शीर्षकात ‘गोडी’ आणि मजकुरात ‘आंतरिक प्रेरणा’ ठेवले तर चालेल का?

हौशी रंगकर्मी : अध्यापकांनी आधी हे सांगावे, की ‘शाब्बास’ हा फारसी शब्द वर्गात चालतो, तर हौस का चालू नये?