किनाऱ्यापासून २०० फूट : काउंटीने आधी कुणाचं ऐकावं?

हूडकाठ (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात आमच्या काउंटीच्या सभागृहात साडेतीन तास बसून आलो. किनारा नियमावलीच्या फेरतपासणीवर सुनावणी होती. घरी येऊनही डोकं शांत होईना, म्हणून इथे लिहितोय.

आधी जागेबद्दल थोडं. मी वॉशिंग्टन राज्यात हूड कॅनॉलच्या काठी राहतो. नाव कॅनॉल असलं तरी हा कुणी खणलेला कालवा नाही. हिमनदीने कोरलेली खाऱ्या पाण्याची लांब, अरुंद खाडी आहे. मेसन, किटसॅप आणि जेफरसन या तीन काउंट्यांचा किनारा तिला लागतो, त्यातल्या एका काउंटीत माझं घर आहे, पाण्यापासून मैलभर आत. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. फक्त इथे जिल्हाधिकारी नसतो, निवडून आलेले तीन आयुक्त कारभार पाहतात. ते आपल्यातलेच असतात, किराणा दुकानात भेटतात.

किनाऱ्याचा मूळ कायदा राज्याचा. १९७१ साली विधिमंडळाने केला आणि १९७२ मध्ये लोकांनी मतदान करून त्यावर शिक्कामोर्तब केलं. समुद्र, मोठ्या नद्या, २० एकर आणि त्याहून मोठी तळी, आणि भरतीच्या नेहमीच्या रेषेपासून आत २०० फूट जमीन, एवढं सगळं त्याखाली येतं. या पट्ट्यात काय चालेल आणि काय नाही, याची नियमावली प्रत्येक काउंटी आणि शहर स्वतः लिहितं. राज्याचं इकॉलॉजी खातं ती तपासून मंजूर करतं. ठरावीक वर्षांनी ती पुन्हा उघडायची असते. सध्या आमची उघडली आहे.

सुनावणीत जो उठला तो "स्थानिक धंदा वाचवा" म्हणत होता. बोटी दुरुस्त करणाऱ्याला बोटी ओढून घ्यायचा उतार रुंद करायचा आहे. एका हॉटेलवाल्याला पाण्यावर येणारा मोठा लाकडी सज्जा हवा आहे. सुट्टीची घरं भाड्याने देणाऱ्याला अंतराची अट कमी करून हवी आहे. कालवांची (खाण्याच्या शिंपल्यांची) शेती करणाऱ्या बाई म्हणाल्या, आधी शेजाऱ्यांचे सेप्टिक टँक तपासा. आयुक्तांनी या सगळ्यांना एकाच पोत्यात घातलं आणि "व्यवसायांचं म्हणणं" अशी एक नोंद केली.

माझा राग याच गोष्टीवर आहे. पाण्याशिवाय ज्याचा धंदाच उभा राहत नाही तो एक, आणि पाणी दिसलं की गिऱ्हाईक वाढतं तो दुसरा. नियमावलीत या दोघांना वेगळे शब्दही आहेत : पाण्यावर अवलंबून असलेला वापर आणि पाण्याचा आनंद देणारा वापर. कालवं डोंगरावर पिकत नाहीत. हॉटेल मात्र रस्त्याच्या पलीकडेही चालतं. तीन आयुक्तांनी हा फरक धरून निर्णय घ्यावा, एवढंच माझं म्हणणं. सवलत द्यायचीच असेल तर बोटवाल्याला आणि कालववाल्या बाईंना द्या. बाकीच्यांनी २०० फुटांच्या आत येण्याचं कारण सांगावं.

तुमचं मत काय? टकोमा, सिएटलकडची मंडळी आणि कोकणातलेही बोला.

देवगड_ते_टकोमा

हूडकाठ, तुम्ही मैलभर आत राहता, म्हणून तुम्हाला हे सोपं वाटतं. मी पाण्यावर राहतो. घर घेतलं तेव्हापासून समोर लाकडी बंधारा आहे. हिवाळ्यात मोठी भरती आणि दक्षिणेचा वारा एकत्र आला की लाट बंधाऱ्यावरून अंगणात येते. खालच्या फळ्या कुजल्यात. मला नवा धंदा काढायचा नाही, मजलाही चढवायचा नाही. आहे ते घर उभं राहावं, बस.

आणि कायदा सांगताना अर्धाच सांगू नका. १९७१च्या त्याच कायद्यात प्राधान्याच्या यादीत एका कुटुंबाचं घरही आहे. बंदर, मरिना यांच्या जोडीला आमची घरंही तिथे लिहिली आहेत. तुमच्या धाग्यात आम्ही कुठेच नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. २०२१ च्या कायद्याने घरासमोरचा जुना बंधारा बदलायचा तर आधी विचारतात, बंधारा नसला तर चालेल का? घर मागे सरकवता येईल का? दगडी भिंतीऐवजी ओंडके आणि गोटे टाकून भागेल का? कमीत कमी नुकसान करणारा जो उपाय शक्य असेल तोच घ्यायचा. त्यासाठी भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल लागतो. मी दोन वर्षं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतोय. तेवढ्यात आणखी दोन फळ्या गेल्या.

नदीमुख

देवगडकर, तुमची चिंता खरी आहे आणि ती मी हलक्यात घेत नाही. पण ते प्रश्न का विचारतात, ते सांगणं माझं काम आहे. आयुष्याची बरीच वर्षं मी इथल्या किनाऱ्यावर मासे मोजण्यात घालवली आहेत.

प्युजेट साउंड म्हणजे सिएटल-टकोमासमोरचं खाऱ्या पाण्याचं मोठं खाडीक्षेत्र. त्याच्या पुळणीला वाळू कुठून मिळते? बरीचशी काठाच्या कड्यांमधून. पाऊस पडतो, कडा थोडा ढासळतो, खडी आणि वाळू खाली येते, लाटा ती किनाऱ्याने पुढे नेतात. कड्याच्या पायथ्याशी भिंत बांधली की हा पुरवठा थांबतो. भिंतीवर आपटलेली लाट परतताना उरलेली बारीक वाळूही घेऊन जाते. काही वर्षांत पुळण खाली बसते आणि नुसते गोटे उरतात. नुकसान तुमच्या अंगणापुरतं राहत नाही, वाळू पुढच्या दहा जणांची तुटते.

सर्फ स्मेल्ट आणि सँड लान्स हे बोटाएवढे मासे भरतीरेषेजवळच्या त्याच बारीक खडीत अंडी घालतात. त्यांच्यावर चिनूक सामन हा मोठा मासा जगतो. प्युजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून संकटग्रस्त यादीत आहे. चिनूकवर जगणारे इथले ओर्का देवमासे २००५ पासून त्याहून गंभीर यादीत आहेत. साउंडचा एक चतुर्थांशाहून जास्त किनारा आज भिंतीआड आहे. ती भिंत कुण्या एका कंपनीने बांधलेली नाही. तुमच्यासारख्या साध्या, सज्जन माणसांनी ५०-१०० फूट, ५०-१०० फूट करत बांधली.

म्हणून २००३ पासून नियमावल्यांना एक कसोटी लावली आहे : किनाऱ्याचं नैसर्गिक काम आज जेवढं चालतं त्यात निव्वळ घट होता कामा नये. वाढ करा असंही ती म्हणत नाही. आहे तेवढं राखा म्हणते. यापेक्षा कमी काय मागायचं?

लाल_कयाक

मी धंदेवाला आहे, तेव्हा माझंही ऐकून घ्या. कयाक भाड्याने देतो. हंगाम जून ते सप्टेंबर, कशीबशी चार महिने कमाई. एक छोटा तरंगता धक्का हवा होता. काउंटीचा अर्ज वेगळा, राज्याच्या मत्स्य खात्याचा वेगळा, लष्कराच्या अभियंता विभागाचा तिसरा. प्रत्येकाला नकाशे निराळ्या पद्धतीचे हवेत. परवानगी मिळाली तेव्हा दुसरा हंगामही संपला होता.

नदीमुख, तुमच्या सामनला माझा विरोध नाही. स्वच्छ पाणी आणि ओर्का नसतील तर माझी कयाक कोण घेणार? पण नियम जितके गुंतागुंतीचे, तितका मोठ्याचा फायदा. मोठी कंपनी सल्लागार आणि वकील ठेवते. माझ्यासारखा एकटा माणूस अर्धा अर्ज भरून सोडून देतो. मग किनाऱ्यावर फक्त मोठेच उरतात.

आणि हूडकाठ, "पाण्यावर अवलंबून" या शब्दांवर तुम्ही फार भार टाकताय. जिओडक नावाच्या मोठ्या शिंपल्याची शेतीही पाण्यावरच अवलंबून आहे. ओहोटीच्या जमिनीत प्लॅस्टिकच्या नळ्या रोवतात, वर जाळी टाकतात, शिंपला तयार व्हायला पाच-सात वर्षं लागतात आणि बराचसा माल चीनला जातो. ती पुळण बघा आणि सांगा, माझ्या कयाकपेक्षा ती किनाऱ्याला हलकी आहे का? कायद्याच्या यादीत मात्र तिचा नंबर वर.

मालवणचो_झील

इथे मालवणात बसून वाचतोय आणि एका गोष्टीचं नवल वाटतंय. तुमची नियमावली तुमची काउंटी लिहिते!

आमच्याकडे सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे केंद्राचे नियम. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ला निघाली, मग २०११ ची, आता २०१९ ची. अंतरं दिल्लीत ठरतात. ग्रामीण किनाऱ्यावर लोकवस्तीची घनता चौरस किलोमीटरला २१६१ च्या वर असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर बांधकाम नाही, त्याखाली असेल तर २०० मीटर. कोकणातली गावं नारळी-पोफळीच्या वाड्यांत पसरलेली, घनता कुठून येणार? म्हणजे शहरासारखी दाट वस्ती केलेल्याला ५० मीटर आणि वाडी राखून विरळ राहिलेल्याला २०० मीटर. तुमचे २०० फूट म्हणजे ६१ मीटर, आणि त्यातही बंदी नाही, फक्त परवानगी लागते.

आमचं घर आजोबांच्या वेळचं. दोन खोल्या पर्यटकांना देतो. न्याहारीला घावणे-चटणी, दुपारी बांगड्याची कढी. जोतं न बदलता राहत्या घरात अशी सोय करायला नव्या अधिसूचनेत मुभा आहे, त्याबद्दल समाधान आहे. पण नकाशांची सुनावणी झाली तेव्हा कागद इंग्रजीत, रेषा इतक्या बारीक की स्वतःचा मांगर (गुरं-अवजारांची खोपी) रेषेच्या आत आहे की बाहेर, तेच कळेना. रापणीवर (किनाऱ्यावरून जाळं ओढायला) जाणाऱ्या माणसाने त्यावर हरकत काय लिहायची?

तरी सांगतो, बंधनं नकोतच असं मी म्हणणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दिवेआगर-श्रीवर्धनची काय दशा झाली, ती मी बघितली आहे. वर्षभराने तौक्ते आमच्या दारावरून गेलं. पुळण आणि सुरूचं बन मध्ये नसतं तर पाणी किती आत आलं असतं, हे इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ साली तिथे कासवांच्या अंड्यांचं राखण सुरू केलं. आज कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं लांबून येतात, गावातल्याच घरांत राहतात, गावातल्या बायकांच्या हातचं जेवतात. त्या पुळणीवर काँक्रीट असतं तर कासवही आलं नसतं आणि पाहुणाही.

तळ्याकाठी

थोडा इतिहास, कारण हा कायदा जन्मला तोच एका छोट्या धंद्यावरून.

आपल्याच राज्यातल्या शेलान तळ्याची पातळी धरणामुळे दर उन्हाळ्यात वाढते आणि नंतर उतरते. तिथे एका कुटुंबाने ट्रेलर पार्कसाठी स्वतःच्याच जमिनीवर भराव घातला. शेजारी कोर्टात गेले. ४ डिसेंबर १९६९ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, जमीन तुमची असली तरी वर पाणी चढतं तेव्हा त्या पाण्यावर फिरण्याचा हक्क लोकांचा आहे, भराव काढा. त्या निकालाने राज्यभर घबराट झाली, कारण असे भराव आणि धक्के सगळीकडे होते. त्यातून १९७१ चा कायदा आला. निकालाच्या तारखेआधीच्या भरावांना त्यात संरक्षणही दिलं गेलं. शेलानच्याच १९६१ च्या एका भरावावर वाद झाला, तेव्हा २०१८ मध्ये न्यायालयाने ते संरक्षण मान्य केलं.

यातून मी एवढंच घेतो : आज काउंटीने दिलेली सवलत उद्या परत घेता येत नाही. पन्नास वर्षांनीही भराव जागेवरच असतो. लाल_कयाक, तुमचा अर्ज लवकर निकालात निघावा हे शंभर टक्के मान्य. पण वेगळे अर्ज एका खिडकीत आणणं एक आणि अंतर कमी करणं दुसरं. सुनावणीत लोक पहिल्याबद्दल तक्रार करतात आणि दुसरं मागतात.

स्कोकोमिशची_शेजारीण

एवढी चर्चा झाली आणि मूळ लोकांचं नाव कुणी घेतलं नाही, याचं वाईट वाटलं. हूड कॅनॉलच्या काठावर स्कोकोमिश लोक आजही राहतात. १८५५ च्या पॉइंट नो पॉइंट कराराने त्यांनी जमीन दिली, मासेमारीचा हक्क ठेवून घेतला. १९७४ च्या निकालाने पकडीला येणाऱ्या माशांतला निम्मा वाटा त्यांचा ठरला, १९९४ मध्ये शिंपल्यांबाबतही तेच. पुळण बुडाली की त्यांचा हक्क नुसता कागदावर राहतो. हूडकाठ, तुमच्या यादीत "आधी कुणाचं" विचारताना पहिलं नाव त्यांचं हवं होतं.

हूडकाठ

ताई, चूक झाली. सुनावणीत जमातीच्या मत्स्य विभागाचे प्रतिनिधी बोलले होते आणि मी त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही.

देवगडकर, घरांचा मुद्दाही तुमचा बरोबर. कायद्यात प्राधान्य आहे आणि मी ते गाळलं. जिओडकच्या बाबतीत लाल_कयाकचं म्हणणं मला काल रात्रभर छळत होतं. पाणी लागतं म्हणजे पाण्याला सोसतं असं नाही, हे मान्य.

पण एका गोष्टीवरून मी हटणार नाही. काठावरचा सेप्टिक टँक गळला की मैला खाडीत जातो, आरोग्य खातं कालवांच्या क्षेत्राचा दर्जा उतरवतं आणि कालववाल्यांची तोडणी बंद होते. असा दर्जा उतरला तर काउंटीने १८० दिवसांत शिंपला संरक्षण क्षेत्र स्थापन करावं, असा राज्याचा कायदा आहे. म्हणजे नुकसान झाल्यावर धावपळ. भाड्याच्या सुट्टीघरात दोघांच्या टाकीवर दहा माणसं राहतात. त्यांना अंतरात सूट देण्याआधी टाकीची तपासणी सक्तीची करा, एवढं मी लेखी देणार आहे. सोबत तळ्याकाठींची एक खिडकी आणि छोट्या धक्क्यांसाठी निकालाची मुदत, हेही. लेखी मुदत शुक्रवारी संपते.

मालवणकर, तुमचा नकाशाचा अनुभव मी त्या पत्रात घालू का? इथेही स्पॅनिश बोलणारे कालवं काढणारे कामगार सुनावणीत होते. त्यांना एकही कागद त्यांच्या भाषेत मिळाला नव्हता.

मालवणचो_झील

घाला की. फक्त मांगर हा शब्द तसाच ठेवा.

देवगड_ते_टकोमा

सेप्टिकच्या तपासणीला माझा पाठिंबा, माझी टाकी गेल्या वर्षीच तपासली. बंधाऱ्यावर मात्र आपलं जमणार नाही, हूडकाठ. नदीमुख, ते ओंडके-गोट्यांचं काम माझ्या जागेवर टिकेल का, हे तुम्ही येऊन बघाल? शनिवारी सकाळी ओहोटी आहे.

नदीमुख

येतो. गमबूट घेऊन येतो, तुम्ही जुन्या बंधाऱ्याचे फोटो काढून ठेवा, हिवाळ्यातले असतील तर तेही.